सर्ववंशीय हळदीकुंकू

आमच्या घरात तीळ भाजले की आगीचा भोंगा वाजायचा. अमेरिकेत ईडन प्रेरी गावातल्या त्या घराच्या छताला खोलीखोलीत धूर ओळखणाऱ्या डब्या बसवलेल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्यांना तीळ, मिरचीची फोडणी आणि खरीखुरी आग यांतला फरक कळत नसे. शैलामावशीने कढईत तीळ टाकले आणि ते तडतडायला लागले, की बाबा वरच्या मजल्यावरची ऑफिसची मीटिंग म्यूट करून जिन्यावरून धडधडत खाली यायचे आणि डबीखाली उभे राहून टॉवेल हलवत बसायचे. "अहो ताई, फायर ब्रिगेड येईल!" ते ओरडायचे. मावशी ढिम्म. "येऊ दे की. वड्या देऊ त्यांना," असं म्हणून ती उलथनं फिरवत राहायची. बाहेर खिडकीच्या काठापर्यंत बर्फ, तळघरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची घरघर, डोक्यावर भोंगा आणि मधे तिळाचा तो खमंग वास. माझ्या सोळाव्या वर्षाची आठवण काढायची म्हटली की मला आधी हा गोंधळ ऐकू येतो.

शैलामावशी आईची थोरली बहीण, सांगलीची. वीजबिलाच्या तक्रारी घेण्याच्या खिडकीत बसून तिने नोकरी काढली. लोकांचं ऐकून ऐकून ताईची जीभ तिखट झाली, असं आई म्हणायची. मावशीचं म्हणणं, जीभ आधीपासूनच तिखट होती म्हणून तर साहेबाने तिथे बसवलं. आदल्या हिवाळ्यात तिचे यजमान, आमचे बापूकाका, गेले. मूलबाळ नव्हतं. म्हणून आईने हट्ट करून तिला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं, हवापालटासाठी. मिनेसोटात, हिवाळ्यात, हवापालट! विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर मावशीने पहिला श्वास घेतला, तो नाकातच गोठला, आणि ती आईला म्हणाली, "मेधा, हवा पालटली. आता परत जाऊ या."

मी आज हे जे मराठी लिहितेय ते त्या हिवाळ्याचं आहे. त्याआधी घरातलं मराठी मला कळायचं सगळं, पण उत्तर मी इंग्रजीतच द्यायचे. आईबाबांनीही ते चालवून घेतलं होतं. मावशीने पहिल्याच आठवड्यात ठणकावलं, "हे बघ मुक्ता, मला तुझं फाडफाड कळत नाही. भूक लागली तर ती मराठीत लागू दे, नाहीतर उपाशी राहा." तिला सगळं कळत होतं हे मला पुढे समजलं, पण तोपर्यंत माझी जीभ वळली होती. माझ्या बोलण्यात सांगलीचं पाणी आहे असं लोक अजून सांगतात. तिने शिकवलेल्या काही शिव्याही आहेत, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत; पण म्हातारपणी फोनवर विमा कंपनीशी बोलताना त्यांचा फार आधार वाटतो.

संक्रांत जवळ आली तशी मावशीने हलवा करायला घेतला. गॅरेजला लागून एक छोटी खोली होती, आम्ही तिथे बर्फाचे बूट काढायचो. घरातली सगळ्यात थंड जागा तीच. तिथे विजेची शेगडी मांडून, पाटावर बसून, अंगावर बाबांचं जुनं जाकीट चढवून ती परातीत साबुदाणा घ्यायची आणि चमच्याने थेंब थेंब पाक घालत बोटांनी फिरवत राहायची. तासन्‌तास. बोटं पोळायची, पाठ धरायची, पण त्या कडाक्याच्या थंडीत हलव्याला काय काटे आले! सांगलीत उभ्या जन्मात असे आले नव्हते म्हणाली. मी शाळेतून आले की तिथेच बुटांच्या ढिगात बसकण मारायचे. एकदा तिने एक दाणा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "तुझ्या काकांना नाही आवडायचा. दाताला लागतो म्हणायचे. मी दर वर्षी करायचे आणि ते दर वर्षी नावं ठेवायचे." मग बराच वेळ नुसती परात फिरत राहिली. मी तिच्या खांद्याला डोकं टेकलं. जाकिटाला पाकाचा वास येत होता.

आता समतेकडे वळते, कारण त्या दिवसांत आमच्या गावात समता फार होती. लायब्ररीत वंशभेदावरच्या पुस्तकांचं वाचनमंडळ होतं, सिनेमा दाखवून मग त्यावर गोल बसून बोलायचं असा एक कार्यक्रम होता, शाळेत पोस्टरं होती, आणि घरोघरच्या अंगणात 'येथे सर्वांचे स्वागत आहे' अशा पाट्या होत्या. आमच्याही होती. आईने ती आणली तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून बाबांनी ड्रिलने भोकं पाडून ती रोवली. "स्वागत करायला सुद्धा मशीन लागतं इथे," मावशी खिडकीतून म्हणाली. मी स्वतः लायब्ररीच्या समता समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी होते. समतेवर माझा जीव होताच, पण कॉलेजच्या अर्जात ते चांगलं दिसतं हेही मला कुणी वेगळं सांगावं लागलं नव्हतं. आठवड्याभरात मी आमच्या घरातल्या निदान चार गोष्टी अन्यायकारक ठरवायचे, त्यात भांडी धुण्याची पाळी पहिली.

आईची मात्र थट्टा करणार नाही. इतकी वर्षं ती या देशात राहिली, ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं काम करायची, तरी माझ्या शाळेतल्या पालकसभेत तिच्याशी काही बायका मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत. एकदा दुकानाच्या रांगेत एका बाईने तिला तुमच्या देशात परत जा म्हणून सांगितलं. आई घरी आली, भाजी फ्रीजमध्ये लावली आणि मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून रडली. मी दारातून पाहिलं होतं. तेव्हा समतेचं तिला जे वेड लागलं ते वरवरचं नव्हतं. हीच आई मला उन्हाळ्यात "टोपी घाल, काळी पडशील" म्हणून मागे लागायची, ती गोष्ट वेगळी. माणूस एका वेळी एकाच खिडकीतून बाहेर बघतो.

कल्पना तिचीच. जानेवारीत इथे कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या थोर नेत्याच्या नावाची सुट्टी असते, आणि त्याच आठवड्यात लायब्ररीत समतेचा मेळा भरायचा. संक्रांतही त्याच सुमाराला. "आपल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू यंदा लायब्ररीतच करू! सगळ्या वंशांच्या बायकांना बोलावू!" आई म्हणाली. समितीच्या अध्यक्ष होत्या लोरेन, सगळे आदराने मिस लोरेन म्हणायचे; निवृत्त नर्स, कृष्णवर्णीय, उंचपुऱ्या, हसल्या की लायब्ररीतले वाचणारे दचकून वर बघायचे. त्यांना हळदीकुंकू समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं, बायका एकमेकींच्या कपाळाला हळद आणि कुंकू लावतात, गोड देतात, एक छोटी भेट देतात आणि गोड बोला म्हणतात. त्यांना फारच आवडलं. "आणि हे सगळ्या बायकांसाठी असतं?" त्यांनी आईला विचारलं. "एव्हरीवन!" आई हात पसरून म्हणाली. "ऑल विमेन!" तसं पत्रक छापलं गेलं: सर्व वंशांच्या, सर्व धर्मांच्या, सर्व स्त्रियांचं स्वागत.

पत्रक वाटून झाल्यावर पाध्येकाकू घरी आल्या. पाध्येकाकू म्हणजे मंडळाचा आद्य खांब. डॉक्टर नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या तेव्हा अख्ख्या राज्यात कोथिंबीर मिळत नव्हती म्हणे, आणि कोथिंबीर नसताना त्यांनी धर्म टिकवला, तेव्हा आता सगळं मिळत असताना आमची पत्रास कोण ठेवतो. सोफ्यावर बसून त्यांनी चहा घेतला, तयारी विचारली, वाण म्हणून गाडीच्या काचेवरचा बर्फ काढायच्या प्लॅस्टिकच्या खरवडण्या द्यायचं पसंत केलं, आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मेधा, शैलाताई येणारेत का गं तिकडे?"

"म्हणजे... हो, घरीच आहे ना ती," आई म्हणाली.

"मला काही नाही हं. मी कुठे काय मानते! पण नव्या मुली असतात, कुणाची पहिली संक्रांत आहे, त्यांच्या सासवा पुण्याहून व्हिडिओवर बघत असतात. उगाच कुणी काही बोललं तर शैलाताईंनाच वाईट वाटायचं."

मी म्हणाले, "काकू, अमेरिकन बायका येणार आहेत. त्यांच्यात निम्म्या डिव्होर्स्ड असतील. विडोज पण असतील."

"त्यांना कोण विचारतंय? त्यांना आपलं शास्त्र लागत नाही," काकू म्हणाल्या, आणि खारी बुडवली.

अमेरिकन घरांना आत भिंती नसतात. स्वयंपाकघर, जेवणाची जागा, सोफा, सगळं एकातच, त्यामुळे आवाज उतरवून काही उपयोग नसतो. मावशी ओट्याशी तिळाच्या वड्या कापत होती. तिच्या सुरीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. आई तिकडे न बघता म्हणाली, "नाही, ताई तिकडे किचन सांभाळेल. तिलाही बरं वाटेल ते, शांत."

काकू गेल्यावर मी आईला गाठलं. "आई, दॅट इज लिटरली डिस्क्रिमिनेशन!"

"डिस्क्रिमिनेशन नाही, पद्धत आहे. आणि मी नाही मानत काही. पण शंभर लोकांत माझ्या बहिणीला कुणी टाकून बोललं तर मला चालणार नाही. तिच्यासाठीच करतेय मी."

"तिला विचारलंस?"

"तू समितीवर आहेस ना, तिकडे प्रश्न विचार," आई म्हणाली आणि कपडे वाळवायच्या मशीनकडे निघून गेली.

मग मीच मावशीला विचारलं. ती हलव्याच्या खोलीत होती. मी म्हटलं, मी भांडते आईशी. "तू काय भांडणार? तुझा 'भ' अजून नीट येत नाही," ती म्हणाली. मी हसले, ती हसली नाही. परातीतला हात तसाच ठेवून म्हणाली, "सांगू का? वर्ष झालं, मी कुणाच्या घरी कार्याला बसले नाही. दिवस होईपर्यंत माणसं येतात बघ, रीघ लागते. मग कुणी बोलवत नाही. शेजारीण पत्रिका द्यायला आली तर दारातून देते आणि म्हणते, दगदग करू नका. ज्यांच्याकडे मी पुरणाचा स्वयंपाक रांधला त्या! इथे मला कोण ओळखतंय, म्हटलं इथे तरी चार बायकांत बसू. तर माझी बहीण माझ्या आधी येऊन पोचलेली." मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. ती म्हणाली, "आता तू रडू नको. हलव्यात खारट होईल."

कार्यक्रमाच्या दिवशी मावशीने काळी इरकल नेसली. किचन सांभाळायला इरकल कशाला, असं कुणी म्हणालं नाही. आईने पाहिलं आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागली. लायब्ररीच्या त्या मोठ्या खोलीला लागून छोटंसं किचन होतं, मधे खाद्यपदार्थ द्यायला खिडकी, तिला वरून ओढायचं शटर. मावशी आत उभी राहून कागदी वाट्यांत हलवा आणि वड्या भरत होती. पाध्येकाकूंनी येऊन शटर अर्ध्यावर ओढलं. "वास येतो हॉलमध्ये," म्हणाल्या. तिळाचा वास येऊ नये म्हणून संक्रांतीला शटर ओढणारी बाई मी त्यानंतर पाहिली नाही.

हॉलमध्ये गर्दी छान जमली. आमच्या मंडळाच्या बायका काळ्या साड्यांत, गोऱ्या बायका जाड स्वेटरांत, दोन सोमाली मैत्रिणी, एक कोरियन आजी, आणि मिस लोरेन काळ्या लोकरी ड्रेसमध्ये, गळ्यात मोत्यांची माळ. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. मी आणि मंडळातली एक पुण्याची नवी मुलगी हळदीकुंकवाची तबकं घेऊन फिरत होतो. कपाळं पुढे यायची, आम्ही बोट टेकवायचो, फोटो निघायचे. कुणी कुणाला काही विचारलं नाही. घटस्फोटित, अविवाहित, कुणाची जोडीदारीण शेजारी बसलेली, सगळ्यांना सारखं कुंकू. इतकी समता मी मंडळात कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात पाध्येकाकू मिस लोरेनना काळ्या रंगाचं महत्त्व समजावून सांगायला लागल्या. "एरवी काळा रंग आमच्यात अशुभ मानतात," त्या प्रेमाने म्हणाल्या, "सणाला काळं घालत नाहीत. पण या एका दिवशी चालतं! या दिवशी आम्हाला काळं आवडतं!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. पुण्याची मुलगी माझ्या कानात म्हणाली, "यार, आता संपलं सगळं." मिस लोरेननी क्षणभर काकूंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक दिवस तर एक दिवस. आम्हाला इथे एक महिना देतात, काळ्या लोकांच्या इतिहासाचा, फेब्रुवारी. सगळ्यात छोटा बघून." आणि त्यांचं ते मोठं हसू फुटलं. काकूही हसल्या, आपण काही छान बोललो अशा समजुतीने. पुढे कितीतरी वर्षं त्या हा संवाद दोन संस्कृतींच्या मैत्रीचा नमुना म्हणून सांगायच्या.

मग उखाणे झाले. मी पाहुण्यांना सांगितलं की नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही अशी जुनी रीत, म्हणून अशा वेळी ते दोन ओळींत गुंफून घेतात. आमच्या बायकांनी घेतले, त्यांत बहुतेकींच्या उखाण्यात लॅपटॉप, व्हिसा नाहीतर ग्रीनकार्ड होतं. गोऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी मिस लोरेनना आग्रह केला. त्या उभ्या राहिल्या, हाताची घडी घातली, छताकडे बघून थोडं जुळवलं आणि म्हणाल्या. त्यांचं यमक इंग्रजीत झकास जुळलं होतं, मला मराठीत तसं जमत नाही. अर्थ असा की, दाराशी बर्फ पडला की वॉल्टर पहाटे उठून वाट काढायचा, आता चौथा हिवाळा, फावडं माझ्या हातात आहे आणि नाव त्याचं ओठांवर. मग त्या खाली बसल्या.

गोऱ्या बायकांनी हळहळत टाळ्या वाजवल्या. आमच्या बायकांच्या टाळ्या अर्ध्यातच राहिल्या. सगळ्या पाध्येकाकूंकडे बघायला लागल्या, आणि पाध्येकाकू मिस लोरेनच्या कपाळाकडे. तिथे हळद आणि कुंकू होतं, माझ्या बोटाचं, ठसठशीत. आकाश काही कोसळलं नाही. किचनमधलं भांड्यांचं वाजणं मात्र थांबलं होतं.

समितीची प्रत्येक बैठक संपवताना मिस लोरेन एक प्रश्न विचारायच्या: आज या खोलीत कोण नाही? जो आला नाही त्याचा विचार केल्याशिवाय उठायचं नाही, ही त्यांची शिस्त. तो त्यांनी आताही विचारला. आमच्या बायका एकदम हुशार विद्यार्थिनींसारख्या पुढे सरसावल्या. एक म्हणाली, मूळच्या अमेरिकन आदिवासी बायका नाहीत. दुसरी म्हणाली, लॅटिना कुणीच नाही, पुढच्या वेळी स्पॅनिशमध्ये पत्रक काढू. पाध्येकाकू म्हणाल्या, व्हीलचेअरवरच्या स्त्रियांचाही विचार व्हायला हवा. आई समितीसाठी सगळं मोबाइलवर टिपून घेत होती. आणि दहा पावलांवर अर्ध्या शटरखाली काळ्या इरकलीचा काठ दिसत होता, न हलणारा.

मी म्हणाले, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझी मावशी नाही. ती किचनमध्ये आहे."

"कामात आहेत का त्या?" मिस लोरेननी विचारलं.

आईने मोबाइल खाली ठेवला. तिचे डोळे मला सांगत होते की घरी चल, बघते. तोंडाने ती गोड हसून म्हणाली, "शी इज व्हेरी शाय."

शटरच्या मागून आवाज आला, स्वच्छ, बिलांच्या खिडकीतला: "आय ॲम नॉट शाय!"

शटर खडखडत वर गेलं. मावशी पदराला हात पुसत दाराने बाहेर आली आणि गोलाच्या कडेशी उभी राहिली. एवढ्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, तरी तिची मान ताठ होती. फक्त हात पदरात अजून पुसतच होते. पाध्येकाकूंना वाऱ्याची दिशा चटकन कळते. इतक्या वर्षांचा अनुभव. त्या लगबगीने उठल्या, माझ्या हातातलं तबक घेतलं आणि गोरी मंडळी बघत आहेत याचं भान ठेवून मोठ्याने म्हणाल्या, "या ना शैलाताई! या, कुंकू लावते. आपण कुठे काय मानतो!"

मावशीने एक पाऊल मागे घेतलं. "कुंकू नको मला," ती म्हणाली. "त्याने माझं कपाळ खाजतं, बापू होते तेव्हाही खाजायचं. मला खुर्ची द्या. सकाळपासून उभी आहे मी."

मी भाषांतर केलं, पण बहुधा गरज नव्हती. खुर्ची मात्र एकही मोकळी नव्हती. सर्व वंशांच्या, सर्व धर्मांच्या, सर्व स्त्रियांना पुरतील इतक्या खुर्च्या आईने स्वतः मोजून मागवल्या होत्या. आई उठली. आपली खुर्ची तिने मावशीच्या मागे आणून ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मावशी बसली, पाय पुढे सोडले, एक मोठा श्वास घेतला. मिस लोरेन शेजारीच होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मावशीने माझ्याकडे भाषांतरासाठी पाहिलंच नाही. ती सरळ समोर बघत म्हणाली:

"बर्फ पडला दारात, वाट कुणी काढेना,
दिनकररावांचं नाव घेते, घे कुणी म्हणेना."

बापूकाकांचं नाव दिनकर होतं हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या बायकांपैकी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ती नापसंती नव्हती. पुण्याच्या मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती ते पुसायचं सोडून तबक सावरत होती. मिस लोरेननी मावशीचा हात हातात घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. दोघींची भाषा एक नव्हती असं म्हणायची सोय नाही, कारण त्या मधूनमधून हसत होत्या, आणि काय बोलत होत्या ते मला अजून ठाऊक नाही.

मंडळाच्या पुढच्या वार्षिक अहवालात पाध्येकाकूंनी लिहिलं की आपलं हळदीकुंकू पहिल्यापासूनच सर्वसमावेशक होतं. मावशीला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे. बाईला आधी लाज वाटली असणार, त्याशिवाय असं लिहिणार नाही." आता मी तिच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. मला अजून असं उदार होता येत नाही.

परत येताना बाबा गाडी चालवत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दुपारभर ते पार्किंगमध्ये गाडी गरम ठेवून बसले होते आणि आता बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ नीट टाकलं नाही म्हणून गावाच्या नावाने बोटं मोडत होते. आई त्यांच्या शेजारी, मावशी आणि मी मागे. चार वाजून गेले होते, ऊन उतरलं होतं, बर्फावर निळसर उजेड होता. बऱ्याच वेळाने आई मागे न वळता म्हणाली, "ताई, मी तुला कुणी दुखवू नये म्हणून केलं गं. चुकलं का माझं?"

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. नाही गं, असं कसं, तू एवढं करतेस माझं. आईही त्याचीच वाट बघत होती, मला तिची मान दिसत होती.

"हो," मावशी म्हणाली. "चुकलं."

आई रडायला लागली, लहान मुलीसारखी, हुंदके देत. बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मावशीने हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला, पण गप्प राहा म्हणाली नाही. घर येईपर्यंत तिने तिला रडू दिलं.